पिकअपची उंची वाढवताना : शॉक ॲब्सॉर्बरची निवड आणि जुळवणी

मराठवाड्यातील काळ्या मातीचा रस्ता वर्षातून दोनदा आपले रूप पालटतो. पावसाळ्यात ही माती पाणी शोषून फुगते, उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात आणि तिच्यावर बांधलेला डांबरी रस्ताही तिच्याबरोबर वर-खाली होतो. शेताकडे जाणाऱ्या पाणंद रस्त्यांची अवस्था त्याहून बिकट. ट्रॅक्टरच्या चाकांनी दोन्ही बाजूंना खोल चाकोऱ्या पडतात, मधला उंचवटा तसाच राहतो आणि पिकअपचा तळ नेमका त्यावर घासतो. पैठणची मोसंबी, सिल्लोडची मिरची किंवा कन्नडचे आले छत्रपती संभाजीनगरच्या जाधववाडी बाजारात आणणाऱ्या वाहनमालकास म्हणूनच आपली गाडी इंच-दोन इंच वर असावी असे वाटते. इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस २०१६ मध्ये व टोयोटा हायलक्स २०२२ मध्ये भारतात आल्यानंतर हौस म्हणून पिकअप बाळगणाऱ्यांचाही एक वर्ग तयार झाला आहे. या दोन्ही वर्गांकडून विचारला जाणारा प्रश्न एकच असतो : कोणते शॉक ॲब्सॉर्बर बसवले म्हणजे गाडी उंच होईल?

या प्रश्नातच एक गैरसमज दडलेला आहे. गाडीचे वजन शॉक ॲब्सॉर्बर पेलत नाही, ते स्प्रिंग किंवा पाटे पेलतात. गॅरेजच्या भाषेतील ‘शॉकअप’चे काम निराळे आहे. खड्ड्यातून गेल्यावर स्प्रिंग दबते, सुटते, पुन्हा दबते. ही हालचाल तेलाला बारीक छिद्रांतून ढकलून शमवणे एवढेच त्याचे कार्य. ते नसेल तर गाडी एकाच धक्क्यानंतर बराच वेळ झोके घेत राहील आणि चाके रस्ता सोडतील. तेव्हा उंची वाढवणे म्हणजे मुळात स्प्रिंगशी संबंधित बदल करणे आणि त्या नव्या उंचीला साजेसे शॉक ॲब्सॉर्बर निवडणे होय.

पुढची बाजू : बैठकीचे गणित

व्ही-क्रॉस, हायलक्स यांसारख्या पिकअपमध्ये पुढील दोन्ही चाके स्वतंत्र असतात. वर-खाली दोन आर्म आणि त्यांच्या मध्ये शॉक ॲब्सॉर्बरभोवतीच गुंडाळीची स्प्रिंग, अशी ही रचना असते. स्प्रिंगचे खालचे टोक ज्या बशीवर टेकते ती बैठक शॉक ॲब्सॉर्बरच्या नळीवर बसवलेली असते. बाजारात मिळणाऱ्या काही संचांत या नळीवर ठरावीक अंतराने खाचा असतात. त्यांतील कडी वरच्या खाचेत बसवली की बैठक वर सरकते. जर्मनीच्या बिल्स्टीन कंपनीची ५१०० मालिका याच पद्धतीसाठी प्रसिद्ध आहे. अन्य काही संचांत खाचांऐवजी आटे पाडलेली नळी व फिरवता येणारी चकती असते.

बैठक वर सरकवल्याने स्प्रिंग अधिक कडक होते, हा दुसरा गैरसमज. गाडीचे वजन बदललेले नसते, त्यामुळे त्या वजनाखाली स्प्रिंगची लांबीही तेवढीच राहते. फरक इतकाच होतो की शॉक ॲब्सॉर्बर पूर्वीपेक्षा अधिक उघडलेल्या स्थितीत स्थिरावतो आणि गाडी उचलली जाते. शॉक ॲब्सॉर्बर खालच्या आर्मच्या साधारण मध्यावर जोडलेला असल्याने येथे तरफेचा नियम लागू होतो. बैठक १० मिलिमीटर वर घेतली तर चाकापाशी उंची सुमारे १८ ते २० मिलिमीटर वाढते. म्हणून २५ मिलिमीटरची बैठक म्हणजे एक इंचाची उंची असे समजून काम केल्यास गाडी दोन इंच वर गेलेली आढळते.

या उंचीची किंमत मोजावी लागते. शॉक ॲब्सॉर्बरची एकूण लांबी ठरलेली असते. स्थिर अवस्थेतच तो अधिक उघडला असेल तर खड्ड्यात चाक खाली जाण्यासाठी उरणारे अंतर तेवढे घटते. मग प्रत्येक खड्ड्यावर शॉक ॲब्सॉर्बर पूर्ण उघडून आतल्या आत आदळतो आणि पुढून ‘टक्’ असा आवाज येऊ लागतो. मूळ शॉक ॲब्सॉर्बरवर नुसता ठोकळा चढवून उंची वाढवणाऱ्या स्वस्त उपायाचा दोष हाच आहे. थोडी अधिक लांबी असलेला शॉक ॲब्सॉर्बर हा दोष कमी करतो. परंतु लांबी फार वाढवल्यास वरच्या आर्मचा बॉल जॉइंट आणि चारचाकी चालनाच्या गाडीतील सीव्ही जॉइंट आपल्या मर्यादेपलीकडच्या कोनात काम करू लागतात. सीव्ही जॉइंटचे रबरी बूट फाटले, ग्रीस बाहेर आले व धूळ आत गेली की तो जॉइंट फार काळ टिकत नाही. या सर्व कारणांमुळे अन्य भाग न बदलता पुढची उंची ४० ते ५० मिलिमीटरपेक्षा अधिक न वाढवणे हेच शहाणपणाचे ठरते.

मागची बाजू : पाट्यांचा हिशेब

बहुतेक पिकअपना मागे कमानीचे पाटे असतात. मालवाहू प्रकारांतील काही गाड्यांना पुढेही पाटेच असतात. तेथे शॉक ॲब्सॉर्बर स्वतंत्र बसवलेला असल्याने तो बदलून उंची वाढत नाही. उच्च दाबाचा वायू भरलेला शॉक ॲब्सॉर्बर स्वतः थोडासा वर रेटतो, पण त्याचा परिणाम काही मिलिमीटरचाच. मागची उंची वाढवण्याचे मार्ग तीन : पाट्यांमध्ये एक पाटा वाढवणे, संपूर्ण पाटे बदलून अधिक कमान असलेले बसवणे, किंवा शॅकल लांब करणे. पाटा वाढवल्याने उंची मिळते, परंतु रिकामी गाडी दणके देऊ लागते. शॅकल लांब केल्यास पाट्यांची ताकद वाढत नाही आणि एक्सलचा कोन बदलून प्रोपेलर शाफ्टमध्ये थरथर येऊ शकते. या कामात काढलेले यू-बोल्ट पुन्हा वापरू नयेत. ते एकदा ताणले गेले की पुन्हा तीच पकड देत नाहीत.

अनेकदा मागे काहीच करण्याची गरज नसते. रिकामी पिकअप मागून मुद्दामच उंच ठेवलेली असते, कारण हौदा भरल्यावर ती समपातळीत यावी. पुढचे टोक उचलून रिकामी गाडी सपाट दिसू लागली तर ती डोळ्यांना बरी वाटते. मात्र माल भरताच मागची बाजू बसते आणि पुढचे टोक आकाशाकडे पाहू लागते. स्टीअरिंग हलके पडते, हेडलाइटचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. रोज माल वाहणाऱ्या गाडीची पुढची उंची म्हणूनच रिकामी गाडी पाहून नव्हे, तर नेहमीचा माल भरून ठरवावी.

मागच्या बाजूचा सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे ब्रेकचा भारसंवेदी व्हॉल्व्ह. अनेक पिकअपमध्ये चेसिसवरील हा व्हॉल्व्ह एका दांडीने मागच्या एक्सलशी जोडलेला असतो. हौदा खाली बसला की गाडी भरली आहे असे तो समजतो आणि मागच्या ब्रेकला अधिक दाब देतो. मागची बाजू दोन इंच उचलली की भरलेली गाडीही त्याला रिकामी वाटते. मागचे ब्रेक कमी लागतात आणि सारा भार पुढच्या ब्रेकवर पडतो. कन्नडच्या घाटातून माल भरून उतरताना हा फरक जिवावर बेतू शकतो. उंची बदलल्यावर या दांडीची जुळवणी निर्मात्याच्या सूचनेनुसार पुन्हा केलीच पाहिजे.

कोणता शॉक ॲब्सॉर्बर निवडावा?

शॉक ॲब्सॉर्बरचे मुख्य प्रकार दोन. दुहेरी नळीच्या प्रकारात आतल्या नळीत पिस्टन फिरतो व बाहेरच्या नळीत तेलाचा साठा व कमी दाबाचा वायू असतो. तो स्वस्त व मऊ असतो आणि बाहेरच्या नळीला दगडाचा मार बसला तरी चालत राहतो. एकेरी नळीच्या प्रकारात उच्च दाबाचा नायट्रोजन एका तरत्या पिस्टनने तेलापासून वेगळा ठेवलेला असतो. खराब रस्त्यावर तासन् तास धावल्यावर तेल तापते आणि त्यात फेस झाला तर शॉक ॲब्सॉर्बर निकामी झाल्यासारखा वागतो. एकेरी नळीत हा धोका कमी असतो व नळी उघड्या हवेत असल्याने ती लवकर थंड होते. मात्र तिच्यावर खोल पोचा पडला तर पिस्टन अडकतो. शेतरस्त्यांवर हळू चालणाऱ्या, रोज भार वाहणाऱ्या गाडीस चांगल्या दर्जाचा दुहेरी नळीचा प्रकार पुरेसा आहे. लांबचा वेगवान प्रवास व कच्चा रस्ता दोन्ही करणाऱ्यास एकेरी नळीचा खर्च परवडतो.

वाळूज येथे मुख्यालय असलेली एन्ड्युरन्स टेक्नॉलॉजीज व १९६१ पासूनची गॅब्रिएल इंडिया या शॉक ॲब्सॉर्बर बनवणाऱ्या नामांकित कंपन्या महाराष्ट्रातल्याच. पहिलीचा भर दुचाकी-तिचाकींवर आहे. उंची वाढवण्याचे संच मात्र प्रामुख्याने बाहेरून येतात. ऑस्ट्रेलियाची ओल्ड मॅन इमू आणि आयर्नमॅन, थायलंडची प्रोफेंडर ही त्यांतील परिचित नावे. खरेदी करताना नावापेक्षा तीन गोष्टी पाहाव्यात : तो नेमक्या मॉडेलसाठी व वर्षासाठी आहे काय, पूर्ण उघडल्यावर व पूर्ण मिटल्यावर त्याची लांबी किती, आणि सोबतची स्प्रिंग किती कायम भारासाठी आहे. हौदा सतत भरलेला नसताना जड भाराची स्प्रिंग घेतल्यास गाडी आवश्यकतेपेक्षा उंच व कडक होते.

जुळवणीची रीत

काम सुरू करण्यापूर्वी समतल जागी, टाकी भरून व टायरमधील हवा तपासून प्रत्येक चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजून लिहून ठेवावे. जमिनीपासून मोजल्यास टायरमधील हवेचा फरक मापात येतो. जुने शॉक ॲब्सॉर्बर खरोखर थकले आहेत काय हेही पाहावे. दांड्यावर तेलाचा ओघळ असेल, किंवा खराब रस्त्यावरून आल्यावर एक शॉक ॲब्सॉर्बर तापलेला व जोडीचा थंडच असेल, तर तो थंड राहिलेला काम करीत नाही हे निश्चित. हात लावताना मात्र भाजण्याची काळजी घ्यावी.

दाबलेल्या स्प्रिंगमध्ये जीव घेण्याइतकी शक्ती साठलेली असते. ती योग्य स्प्रिंग कॉम्प्रेसरशिवाय कधीही सोडवू नये. वायूचा शॉक ॲब्सॉर्बर तापवू नये वा त्याला ड्रिल लावू नये. आणखी एक चूक वारंवार होते. गाडी जॅकवर व चाके लोंबती असतानाच आर्म आणि पाट्यांच्या बुशचे बोल्ट घट्ट आवळले जातात. रबरी बुश त्या स्थितीत पकडला गेल्याने गाडी खाली येताच पिळला जातो आणि लवकर फाटतो. हे बोल्ट आधी हलके लावून, गाडी चाकांवर उभी केल्यावरच ठरलेल्या ताकदीने आवळावेत.

यानंतर क्रम असा : ब्रेकच्या व एबीएसच्या नळ्या-तारा चाक पूर्ण खाली असताना ताणत नाहीत ना हे पाहणे, व्हील अलाइनमेंट, भिंतीसमोर उभी करून हेडलाइटचा झोत उतरवणे. अलाइनमेंट टाळल्यास उंच झालेल्या गाडीचे पुढचे टायर काही हजार किलोमीटरमध्येच एका कडेने झिजतात. सुमारे ५०० किलोमीटरनंतर स्प्रिंग बसते. तेव्हा उंची व बोल्ट पुन्हा तपासावेत.

बाहेरून बदलता येणारे टप्पे असलेल्या शॉक ॲब्सॉर्बरची सुरुवात मधल्या टप्प्यापासून करावी. दोन्ही बाजूंना सारखाच टप्पा, एका वेळी एकच बदल, तोच रस्ता आणि तोच भार हा नियम पाळावा. गतिरोधकानंतर गाडी झोके घेत राहिली तर सुटण्याचा विरोध वाढवावा. ओळीने आलेल्या खड्ड्यांवर गाडी हळूहळू खाली बसत जात असेल तर तो विरोध जास्त झाला आहे. बारीक खडीवरही स्टीअरिंगला ठोकर जाणवत असेल तर दबण्याचा विरोध कमी करावा.

कायदा आणि मर्यादा

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील व निर्मात्याने ठरवलेला मूळ तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकास करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली. बदल करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात चौकशी करावी आणि विमा कंपनीस लेखी कळवावे, अन्यथा अपघातानंतर दावा अडचणीत येऊ शकतो. जाड पाटे बसवल्याने गाडीची नोंदलेली भारक्षमता वाढत नाही. चेसिस, एक्सल आणि ब्रेक पूर्वीचेच असतात. कलम १९४ प्रमाणे जादा भारासाठी २०१९ च्या दुरुस्तीनंतर २० हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे दोन हजार रुपये दंडाची तरतूद आहे.

शेवटी, उंचीबरोबर गाडीचा गुरुत्वमध्यही वर जातो. सकाळी शेतरस्त्यावर उपयोगी पडलेले दोन इंच दुपारी समृद्धी महामार्गावर आडव्या वाऱ्यात किंवा अचानक वळण घेताना विरुद्ध बाजूने काम करतात. ज्या रस्त्यावर गाडी वर्षातले बहुतेक दिवस धावते त्या रस्त्याची गरज इंचभराची असेल, तर इंचभरच वाढवावे.