फुरशावरचे इनाम

कोकणातल्या वर्गात सापांचा विषय निघाला की मुले फुरशाचे नाव हमखास घेतात. जेमतेम हातभर लांबीचा हा विषारी साप जांभ्या दगडांच्या कपारीत राहतो आणि विंचू, गोमी, बेडूक, पाली खातो. रत्नागिरी जिल्ह्यात फुरशी इतकी होती की एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकारने मारलेल्या प्रत्येक फुरशामागे इनाम लावले.

डिसेंबर १८६२ मध्ये अवघ्या आठ दिवसांत १,१५,९२१ फुरशी मारली गेली. विडाल या मुलकी अधिकाऱ्याने १८९० साली नोंदवले आहे की इनामाच्या काळातील सहा वर्षांची सरासरी दरवर्षी २,२५,७२१ होती. तरीही फुरसे आज रत्नागिरीत आहेच.

आता दुसरे उदाहरण पाहू. ऑस्ट्रेलियाजवळच्या टास्मानिया बेटावर मेंढ्या मारतो या आरोपावरून ‘टास्मानियन वाघ’ या शिशुधान प्राण्यावर सरकारने १८८८ ते १९०९ या काळात इनाम दिले. इनामे फक्त २,१८४. पण या जातीचा शेवटचा ज्ञात प्राणी ७ सप्टेंबर १९३६ रोजी होबार्टच्या प्राणिसंग्रहालयात मेला.

लाखो मारूनही एक जात टिकली, काही हजारांत दुसरी संपली. असे का? टास्मानियन वाघ मुळातच थोडे होते आणि मादीच्या पिशवीत जास्तीत जास्त चार पिल्ले मावत. शिवाय मेंढपाळांचे सापळे, कुत्री आणि बहुधा रोगराई यांचीही भर पडली. फुरशाची मादी मात्र एका वेळी अनेक जिवंत पिल्लांना जन्म देते. दगडाखालचे फुरसे शोधणे अवघड, आणि ती विरळ झाली की इनामासाठी हिंडणे परवडत नाही. उरलेली पुन्हा वाढतात.

म्हणजे इनामाने मेलेले प्राणी मोजले जातात, वाचलेली माणसे नव्हेत. फुरशाच्या विषाने रक्त गोठेनासे होते. १८६२ साली त्यावर प्रतिविष नव्हते. सर्पविषावरील पहिली प्रतिविषे १८९० च्या दशकात आली. आज भारतात मिळणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालते. तरीही एका अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८,००० माणसे दगावली.

हे आकडे वर्गात मांडावेत आणि मुलांना विचारावे: सरकारचा पैसा कशावर खर्च व्हावा? बूट आणि विजेरी, दगड उचलताना हातात काठी, आणि दंश झाल्यास मांत्रिकाकडे न जाता थेट रुग्णालय, ही उत्तरे मुले स्वतःच देतील.