कवचाआडची वेदना : कायद्याची दोनशे वर्षांची वाटचाल

प्राणिरक्षणाच्या आधुनिक कायद्यांचा आरंभ इंग्लंडमध्ये १८२२ साली झाला. रिचर्ड मार्टिन या संसद सदस्याच्या चिकाटीने मंजूर झालेल्या त्या कायद्याने गुरे, घोडे, मेंढ्या अशा पशूंना क्रौर्यापासून संरक्षण दिले. पुढे क्रमाक्रमाने इतर प्राणी त्यात समाविष्ट झाले. तथापि खेकडा व शेवंड हे समुद्रजीव दीर्घकाळ या करुणेच्या परिघाबाहेरच राहिले. २००६ च्या ब्रिटिश प्राणिकल्याण कायद्यानेही पाठीचा कणा असलेल्या जीवांनाच 'प्राणी' मानले. त्यामुळे शेवंडास जिवंतपणी उकळत्या पाण्यात टाकणे त्या कायद्याखाली गुन्हा ठरत नव्हते. मात्र त्याच कायद्याने एक वाट मोकळी ठेवली होती. वेदनेचा शास्त्रीय पुरावा मिळाल्यास कणाहीन जीवांनाही हे संरक्षण देता येणार होते.

हा पुरावा उभा करण्यात बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातील प्राध्यापक रॉबर्ट एलवुड यांचा वाटा मोठा आहे. 'खेकड्यांना वेदना होतात काय?' हा प्रश्न त्यांना रिक स्टाइन या प्रसिद्ध आचाऱ्याने विचारला होता. उत्तर शोधण्यासाठी एलवुड यांनी अनेक प्रयोग केले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात किनाऱ्यावरील खेकड्यांपुढे दोन अंधारे आसरे ठेवण्यात आले. एका आसऱ्यात विजेचा सौम्य धक्का बसे. काही अनुभवांनंतर बहुतेक खेकडे तो आसरा टाळून दुसऱ्याकडे वळू लागले. केवळ अंग आक्रसून घेणारा जीव असे शिकत नाही. पीडेची आठवण ठेवून तो मार्ग बदलतो, असाच याचा अर्थ निघत होता.

२०१६ साली ब्रिटनमध्ये 'क्रस्टेशियन कम्पॅशन' ही संस्था स्थापन झाली. सह्यांची मोहीम, शास्त्रज्ञांचा पाठिंबा व संसद सदस्यांशी पत्रव्यवहार या सनदशीर मार्गांनी तिने हा प्रश्न लावून धरला. २०२१ साली संसदेत आलेल्या नव्या विधेयकातही प्रारंभी कणा असलेलेच जीव होते. त्याच वर्षी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील जोनाथन बर्च यांच्या समितीने तीनशेहून अधिक शास्त्रीय अभ्यास तपासून खेकडे, शेवंडे, कोळंबी तसेच अष्टपाद व माकूळ हे जीव संवेदनशील असल्याचा निष्कर्ष दिला. विधेयक दुरुस्त झाले आणि २८ एप्रिल २०२२ रोजी त्यास राजमान्यता मिळाली. मार्टिन यांच्या कायद्यास त्या वर्षी बरोबर दोनशे वर्षे पूर्ण झाली होती.

अन्य देश याआधीच पुढे गेले होते. न्यूझीलंडच्या १९९९ च्या कायद्यात खेकडा व शेवंड यांचा समावेश होता. स्वित्झर्लंडने १ मार्च २०१८ पासून शेवंडास प्रथम बेशुद्ध केल्याविना उकळण्यास व जिवंत शेवंड बर्फावर ठेवून नेण्यास मनाई केली.

ब्रिटनचे यश मात्र अपुरे होते. २०२२ च्या कायद्याने मंत्र्यांच्या धोरणांवर लक्ष ठेवणारी समिती नेमण्याची तरतूद केली. उपाहारगृह वा मच्छीमार यांच्यावर थेट बंधन घातले नाही. जिवंत उकळणे ही स्वीकारार्ह पद्धत नव्हे, असे इंग्लंडच्या शासकीय धोरणात नमूद होण्यास डिसेंबर २०२५ उजाडावा लागला.

या संदर्भात भारताचा १९६० चा प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा आठवल्यावाचून राहत नाही. त्यामागे श्रीमती रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत मांडलेल्या विधेयकाची प्रेरणा होती. त्यात 'प्राणी' म्हणजे मनुष्याखेरीज कोणताही सजीव, अशी व्यापक व्याख्या आहे. जैन शास्त्रांनीही जीवांचे वर्गीकरण कण्यावरून नव्हे, इंद्रियांवरून केले. परंतु त्याच कायद्याने अन्नासाठी होणारी हत्या वगळली. मात्र ती अनावश्यक यातना न देता व्हावी, एवढी अट घातली. खेकड्यासाठी ही अट अमलात आणण्याची मागणी करायची, तर त्यासाठी नव्या शब्दांची गरज नाही. ते शब्द आपल्या कायद्यात १९६० पासूनच आहेत. त्यांचा आग्रह धरणारी माणसे तेवढी हवीत.