ग्राहकाचा कैवार : एका कायद्याची वाटचाल

'मापात पाप' हा शब्दप्रयोग आपल्या भाषेत रुळला, तो काही उगाच नव्हे. बाजार जितका जुना, तितकीच त्यातील लबाडी जुनी. आणि तिच्यावर अंकुश ठेवण्याची राजसत्तेची धडपडही तितकीच पुरातन होय. कौटिल्याने अर्थशास्त्राच्या 'कंटकशोधन' या अधिकरणात व्यापाऱ्यांपासून प्रजेचे रक्षण हा स्वतंत्र विषय मानला. स्वदेशी मालावर शेकडा ५ व परदेशी मालावर शेकडा १० नफा त्याने ठरवून दिला. संगनमताने माल अडवून भाव चढवणाऱ्यांस १००० पणांचा दंड सांगितला.

इंग्रजी अमदानीत मात्र दृष्टी पालटली. १९३० च्या मालविक्री कायद्याने काही अपवाद ठेवले खरे. पण 'घेणाऱ्याने सावध असावे' हेच त्याचे मूळ सूत्र होते. फसलेल्या गिऱ्हाइकाला दिवाणी न्यायालयाची पायरी चढण्यावाचून गत्यंतर नव्हते, आणि शेरभर तेलासाठी ती पायरी कोण चढणार?

स्वातंत्र्यानंतर १९५४ मध्ये अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा व १९५५ मध्ये जीवनावश्यक वस्तूंचा कायदा झाला. त्यांनी गुन्हेगारास शासन होई. फसलेल्याच्या पदरी भरपाई पडत नसे. ही उणीव प्रथम जाणवली ती घर चालवणाऱ्यांना. १९६६ मध्ये मुंबईत काही गृहिणींनी 'कन्झ्यूमर गाइडन्स सोसायटी' स्थापन केली. १९७२ मध्ये मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर प्रभृतींच्या पुढाकाराने महागाईविरुद्ध स्त्रियांची लाटणी रस्त्यावर आली. १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीचा पाया घातला. पुढील वर्षी निघालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने कुटुंबांचे संघ बांधून महिन्याचा किराणा एकत्र खरेदी करण्याचा मार्ग दाखवला.

या जागृतीला कायद्याची जोड सावकाश मिळाली. १९६९ च्या मक्तेदारी-नियंत्रण कायद्यात फसव्या जाहिराती, खोटे सवलतीचे सेल, बक्षिसांची आमिषे यांचा उल्लेख नव्हता. सच्चर समितीने ही त्रुटी दाखवली आणि १९८४ च्या दुरुस्तीने 'अनुचित व्यापारी प्रथा' हे प्रकरण त्यात आले. परंतु आयोग दिल्लीत. गावोगावच्या ग्राहकाने तेथवर जावे कसे? त्याचे उत्तर १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिले. २४ डिसेंबर रोजी त्यास राष्ट्रपतींची संमती लाभली, म्हणूनच तो दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळला जातो. जिल्हा, राज्य व राष्ट्र अशा तीन पायऱ्यांवर न्यायाची सोय झाली. वकील देण्याची सक्ती राहिली नाही. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोबदला घेऊन दिलेली वैद्यकीय सेवाही या कक्षेत येते, असा निर्वाळा दिला.

नोकरी-धंद्यानिमित्त परप्रांती वसलेल्या आपणांस या इतिहासाचे शेवटचे पान अधिक जिव्हाळ्याचे वाटावे. पूर्वी तक्रार करावयाची ती विक्रेत्याचे ठिकाण अथवा व्यवहाराचे स्थळ पाहून. २०१९ चा नवा कायदा जुलै २०२० पासून अमलात आला आणि ग्राहक जेथे राहतो वा काम करतो, तेथील जिल्हा आयोगाकडेही दाद मागण्याची मुभा मिळाली. पुण्याहून मागवलेल्या वस्तूत खोट निघाली, तर पुणे गाठावे लागत नाही. मुदत मात्र सामान्यतः दोन वर्षांची आहे, आणि हाती पावती असलेली बरी. भाषा परकी, बाजार अनोळखी, म्हणून मुकाट्याने नुकसान सोसण्याची सवय आपल्यापैकी अनेकांना जडली आहे. लाटणे घेऊन रस्त्यावर उतरलेल्या त्या गृहिणींचे ऋण फेडावयाचे, तर ती सवय प्रथम सोडली पाहिजे.