पोर्टफोलिओ (वेब विकसन)

वेब विकसनाच्या क्षेत्रात पोर्टफोलिओ म्हणजे एखाद्या वेब डेव्हलपरने यापूर्वी केलेल्या कामांचा, नव्या ग्राहकाला किंवा नोकरी देणाऱ्या संस्थेला दाखवता येईल असा संग्रह होय. व्यावसायिकांसाठी मोबदला घेऊन तयार केलेली संकेतस्थळे, मित्र व नातेवाइकांसाठी हौसेने किंवा भिडेखातर केलेली कामे आणि डेव्हलपरचे स्वतःचे प्रयोग असे तिन्ही प्रकार त्यात सहसा एकत्र आढळतात. चित्रकाराच्या कामसंग्रहाहून तो एका मूलभूत बाबतीत वेगळा आहे. चित्र एकदा पूर्ण झाले की बदलत नाही. संकेतस्थळ मात्र हस्तांतरणानंतर ग्राहकाच्या ताब्यात जाते, दुसऱ्यांच्या हातून बदलते आणि नूतनीकरणाचे शुल्क न भरल्यास नाहीसे होते. डेव्हलपरच्या कामाचा पुरावा अशा रीतीने बहुतांशी दुसऱ्याच्या मालकीच्या जागेत राहतो.

स्वरूप

व्यावसायिक कामांमध्ये दुकाने, उपाहारगृहे, दवाखाने, शाळा, पतसंस्था, लघुउद्योग इत्यादींच्या संकेतस्थळांचा समावेश होतो. केवळ मुखपृष्ठाचे चित्र आणि दुवा देणारा पोर्टफोलिओ फारसा उपयुक्त ठरत नाही. ग्राहकाची अडचण काय होती, कोणती साधने वापरली, काम किती काळ चालले आणि त्यात डेव्हलपरचा स्वतःचा वाटा नेमका किती होता, हे त्यातून कळावे लागते. यांतील शेवटचा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. एका संकेतस्थळामागे आराखडाकार, मजकूर लिहिणारे, छायाचित्रकार आणि दोन-तीन प्रोग्रॅमर असू शकतात. तेच संकेतस्थळ या सर्वांच्या पोर्टफोलिओत दिसणे हा अप्रामाणिकपणा नव्हे, मात्र प्रत्येकाने आपला वाटा स्पष्ट करणे अपेक्षित असते.

मित्र व नातेवाइकांसाठी केलेली कामे बहुधा कारकिर्दीच्या आरंभीची असतात. विवाहाची निमंत्रणे, कुलवृत्तान्त, गृहनिर्माण संस्थेची सूचनापत्रे, घरगुती खाद्यपदार्थांच्या व्यवसायाची माहिती असे त्यांचे विषय असतात. यांत लेखी करार नसतो, मागण्या तोंडी बदलत जातात आणि काम पूर्ण झाले असे म्हणण्याची वेळ क्वचितच येते. तरीही संकेतस्थळाचा आराखडा, प्रोग्रॅम, सर्व्हर आणि देखभाल या साऱ्या बाजू एकाच व्यक्तीने सांभाळल्याचा पुरावा अशाच कामांतून मिळतो. मोठ्या कंपनीतील कामातून तो मिळेलच असे नाही. अशी कामे जाहीर करताना खासगी माहितीची काळजी घ्यावी लागते. विवाहाच्या पृष्ठावरील घरचे पत्ते व दूरध्वनी क्रमांक किंवा कुलवृत्तान्तातील हयात व्यक्तींच्या जन्मतारखा पोर्टफोलिओतील चित्रांतून वगळणे योग्य ठरते.

इतिहास

टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधन संस्थेत १९८९ मध्ये वर्ल्ड वाइड वेबचा प्रस्ताव मांडला आणि १९९१ मध्ये पहिले संकेतस्थळ सर्वांसाठी खुले झाले. सर्नने २०१३ मध्ये या संकेतस्थळाच्या पुनःस्थापनेचे काम हाती घेतले, तेव्हा जुन्यात जुनी उपलब्ध प्रत १९९२ मधील निघाली. त्याआधीचे मूळ रूप जतन झालेले नव्हते.

व्यक्तिगत कामातून पुढे सर्वमान्य झालेल्या साधनाचे सर्वाधिक परिचित उदाहरण पीएचपी हे आहे. रासमुस लेरडॉर्फ यांनी आपला बायोडेटा वेबवर ठेवला होता. तो किती लोक पाहतात हे कळावे म्हणून त्यांनी १९९४ मध्ये काही लहान प्रोग्रॅम लिहिले व त्यांना 'पर्सनल होम पेज टूल्स' असे नाव दिले. १९९५ मध्ये त्यांनी त्यांची मूळ संहिता खुली केली. त्यातून विकसित झालेल्या भाषेवर २००३ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेले वर्डप्रेस आधारलेले आहे आणि आज लहान व्यावसायिकांची असंख्य संकेतस्थळे वर्डप्रेसवर चालतात. ग्राहकांसाठी संकेतस्थळे घडवणाऱ्या थर्टीसेव्हन सिग्नल्स या संस्थेने आपल्या प्रकल्पांचे व्यवस्थापन करण्यासाठी बेसकॅम्प हे साधन बनवले. त्यातून वेगळी काढलेली रुबी ऑन रेल्स ही चौकट २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. अमेरिकेतील कॅन्सस राज्यातील एका वृत्तपत्राच्या वेब विभागात तयार झालेली जँगो ही चौकट २००५ मध्ये खुली करण्यात आली.

प्रताधिकार

मोबदला देऊन बनवून घेतलेले संकेतस्थळ आपोआप सर्वस्वी ग्राहकाच्या मालकीचे होते, हा समज भारतीय कायद्याशी जुळत नाही. प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार संगणक प्रोग्रॅम ही वाङ्मयीन कृती मानली जाते. कलम १७ प्रमाणे कृतीचा कर्ता हा तिचा पहिला मालक असतो. नोकरीच्या करारान्वये, नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाची मालकी मात्र, विरुद्ध करार नसल्यास, मालकाकडे जाते. म्हणजेच कंपनीत पगारावर काम करणाऱ्या डेव्हलपरने लिहिलेली संहिता कंपनीची असते, तर स्वतंत्रपणे काम घेणाऱ्या डेव्हलपरची संहिता लेखी अभिहस्तांतरण होईपर्यंत त्याची स्वतःचीच राहते. छायाचित्रांची स्थिती वेगळी आहे. मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, विरुद्ध करार नसल्यास, ते काढवून घेणारा असतो. परिणामी एकाच पृष्ठावरील संहिता एकाची आणि छायाचित्रे दुसऱ्याची असू शकतात.

कलम १९ नुसार अभिहस्तांतरण लेखी व स्वाक्षरीसह असावे लागते. त्यात मुदत नमूद नसेल तर ती ५ वर्षांची आणि प्रदेश नमूद नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. घाईने लिहिलेल्या एका पानाच्या करारात या दोन्ही गोष्टी राहून जातात आणि त्याचा फटका पुढे ग्राहकालाच बसतो. मालकी हस्तांतरित झाल्यावरही कलम ५७ खाली कृतीचे कर्तृत्व सांगण्याचा हक्क कर्त्याकडे राहतो. तथापि कर्तृत्व सांगणे आणि पृष्ठांची चित्रे प्रसिद्ध करणे या निराळ्या गोष्टी आहेत. म्हणून काम पोर्टफोलिओत दाखवण्याची परवानगी मूळ करारातच नोंदवून घेणे हितावह असते. गोपनीयतेचा करार असल्यास ग्राहकाचे नाव घेण्यासही मज्जाव असू शकतो. अशा वेळी फक्त व्यवसायाचा प्रकार व कामाचे स्वरूप सांगितले जाते.

डोमेन नावाची नोंदणी

ओळखीतल्या कामांत सर्वाधिक वाद डोमेन नावावरून होतात. मित्राच्या दुकानासाठी संकेतस्थळ बनवताना डेव्हलपर अनेकदा डोमेन स्वतःच्या नावे व स्वतःच्या ईमेलवर नोंदवतो. नोंदणीकर्ता म्हणून ज्याचे नाव असते त्याचाच त्या नावावर ताबा राहतो, मग फलक, पावत्या आणि पिशव्यांवर ते नाव कोणीही छापलेले असो. नूतनीकरणाची सूचना डेव्हलपरच्या जुन्या ईमेलवर येऊन पडते आणि दुकानदाराला तिचा पत्ताही लागत नाही. डॉट कॉमसारख्या नावांबाबत नोंदणी रद्द झाल्यावर ३० दिवसांची परत मिळवण्याची मुदत असते. त्यानंतर ५ दिवसांत नाव मोकळे होते व कोणालाही घेता येते. डोमेन प्रारंभीच ग्राहकाच्या नावे नोंदवणे आणि हस्तांतरणाच्या वेळी सर्व पासवर्ड, मुदतीच्या तारखा व मूळ फाइली लेखी यादीसह सुपूर्द करणे हा यावरील साधा उपाय होय. डॉट इन नावांची नोंदणीव्यवस्था निक्सी ही संस्था पाहते.

कामांचा ऱ्हास व जतन

अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०१३ मध्ये अस्तित्वात असलेल्या वेबपृष्ठांपैकी ३८ टक्के पृष्ठे दहा वर्षांनी उपलब्ध नव्हती. १९९४ मध्ये सुरू झालेली जिओसिटीज ही सेवा २००९ मध्ये बंद झाली, तेव्हा हौशी लोकांनी घडवलेली असंख्य पृष्ठे एकाच वेळी गेली. त्यांतील मोठा भाग स्वयंसेवकांनी आधीच उतरवून घेतल्यामुळे वाचला. तंत्रज्ञान कालबाह्य झाल्यानेही असाच लोप होतो. २००० च्या दशकात अनेक डेव्हलपरांचे पोर्टफोलिओ संपूर्णपणे फ्लॅशमध्ये बनवलेले असत. अडोबी कंपनीने ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅश प्लेअरचे पाठबळ थांबवल्यावर, सर्व्हर चालू असूनही, ती कामे न्याहाळकात दिसेनाशी झाली.

इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेचे वेबॅक मशीन २००१ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. जुने काम दाखवण्यासाठी अनेक डेव्हलपर त्यातील प्रतीचा दुवा देतात. परंतु तेथे साठते ते न्याहाळकाला दिसणारे पृष्ठ. सर्व्हरवरील प्रोग्रॅम व विदागार साठत नसल्यामुळे शोध, नोंदणी किंवा खरेदीची सोय त्या प्रतीत चालत नाही आणि डेव्हलपरचे खरे कसब बहुधा तिथेच लागलेले असते. यासाठी हस्तांतरणाच्या दिवशीच पृष्ठांची चित्रे, वापराची लहान चित्रफीत आणि, हक्क असल्यास, संहितेची प्रत जपून ठेवली जाते.

मराठी संकेतस्थळे

जुन्या मराठी संकेतस्थळांबाबत प्रत सापडूनही ती वाचता न येण्याची अडचण उद्भवते. युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्या आवृत्तीत देवनागरीचा समावेश होता, परंतु सर्वसाधारण संगणकांवर तिचा वापर रुळण्यास बराच काळ लागला. दरम्यान शिवाजी, किरण, सीडॅकचा योगेश यांसारखे फॉन्ट वापरून मराठी पृष्ठे तयार केली जात. या फॉन्टांत रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरी आकार बसवलेले असत आणि प्रत्येकाची मांडणी वेगळी असे. तो फॉन्ट संगणकावर नसल्यास मजकुराच्या जागी रोमन अक्षरांची निरर्थक रांग दिसते, तसेच शोधयंत्रालाही त्यातील मराठी शब्द सापडत नाहीत. काही डेव्हलपर पृष्ठासोबतच फॉन्ट पाठवण्याची सोय करीत, परंतु त्यासाठी वापरला जाणारा ईओटी हा प्रकार इंटरनेट एक्सप्लोररपुरताच चालत असे.

असा मजकूर युनिकोडमध्ये आणण्यासाठी रूपांतरक वापरले जातात. ऱ्हस्व इकाराचे आणि रफाराचे स्थान या फॉन्टांत दिसण्याच्या क्रमाने, तर युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने साठवले जाते. त्यामुळे केवळ अक्षरास अक्षर बदलून काम भागत नाही. 'तऱ्हा', 'येणाऱ्या' यांसारख्या शब्दांतील अर्ध्या ऱ्-साठी वेगळा नियम लिहावा लागतो; तो नसलेल्या रूपांतरकाने बदललेल्या मजकुरात अशा ठिकाणी रफार आलेला दिसतो.