सेझिन्कोटचा छज्जा

इंग्लंडात ग्लॉस्टरशायर परगण्यात सेझिन्कोट नावाचा एक वाडा आहे. तांब्याचा हिरवट, कांद्याच्या आकाराचा घुमट, कोपऱ्यांवर छत्र्या, मोरपिसाऱ्यासारख्या कमानी आणि भोवती खोल छज्जा! त्याचे चित्र प्रथम पाहिले तेव्हा आम्हांस फत्तेपूर शिक्रीचीच आठवण झाली.

ही जागा कर्नल जॉन कॉकरेल यांनी १७९५ साली घेतली. १७९८ मध्ये ते वारले व ती त्यांचे बंधू चार्ल्स यांजकडे आली. कंपनीची नोकरी आणि कलकत्त्याची पेढी यांतून मिळविलेला पैसा चार्ल्ससाहेबांनी १८०५ च्या सुमारास या वाड्यात ओतला. आराखडा केला तिसरे बंधू सॅम्युअल यांनी. हिंदुस्थानचे त्यांना दर्शनही नव्हते. तपशील पुरविला तो चित्रकार टॉमस डॅनियल यांनी. पुतण्यासह ते १७८९ मध्ये आग्रा-दिल्लीकडे फिरले, तेव्हा तेथे महादजी शिंद्यांचा वरचष्मा होता. पुढे १८०३ मध्ये आग्रा शिंद्यांकडून इंग्रजांकडे गेले आणि दोनच वर्षांनी तेथली धाटणी ग्लॉस्टरशायरात उभी राहू लागली. हा योगायोग मराठी वाचकास बोचल्याखेरीज राहणार नाही.

छज्जा आमच्याकडे ऊन अडविण्यासाठी. जेथे उन्हाची वाट पाहावी लागते तेथे तो कशाला? शिवाय आत पाऊल टाकावे तो सगळे दिवाणखाने अस्सल युरोपीय वळणाचे! कोणी याला दिखाऊपणा म्हणतील. आम्ही तसे म्हणणार नाही. परमुलखात उमेद घालविलेला माणूस घरी परततो तेव्हा त्याला घरही हवे असते आणि तो मुलूखही. जयपूरची पितळी तबके घेऊन पुण्यास परतणारे आमचे स्नेही हे जाणतात. मात्र त्यांची तबके विकत घेतलेली असतात. कंपनीच्या राजवटीत बंगालमध्ये कमावलेल्या पैशाविषयी इतक्या निःशंकपणे बोलता येत नाही.

१८०७ साली इंग्लंडचे युवराज येथे येऊन गेले, आणि ब्रायटनच्या त्यांच्या प्रासादालाही पुढे घुमट चढले. पण आमचे मन रमते ते बागेतील लहानशा पुलापाशी. त्याच्या कठड्यावर नंदी बसले आहेत, ओढ्याच्या वरच्या अंगाला सूर्याचे देऊळ आहे. पुलाखाली मात्र जाडजूड खांब आहेत. डॅनियल चुलते-पुतणे १७९३ मध्ये मुंबईस आले असता त्यांनी घारापुरीची लेणी चितारली होती. हे खांब तिकडचे.