मराठवाड्यातील हस्तनिर्मित साबण व्यवसाय : एक ऐतिहासिक अभ्यास
(विशेष संदर्भ : नांदेड व लातूर जिल्हे)

प्रस्तावना :

मराठवाड्याच्या आर्थिक इतिहासाचे लेखन प्रामुख्याने शेती, दुष्काळ, सहकार व सिंचनाचा अनुशेष या विषयांभोवती झाले आहे. घरगुती व कुटीर उद्योगांचा इतिहास मात्र त्या मानाने उपेक्षित राहिला. साबणासारखी दैनंदिन वापराची वस्तू तर इतिहासाचा विषय होऊ शकते, हेच अनेकदा ध्यानात घेतले जात नाही. वास्तविक साबणाची एक वडी तयार होण्यामागे स्थानिक तेलबिया, पाण्याचा गुणधर्म, रेल्वे, कर, कायदा, पतपुरवठा आणि स्त्रियांचे श्रम असे अनेक घटक एकत्र आलेले असतात. करडई, जवस, भुईमूग व पुढे सोयाबीन यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या प्रदेशात साबणाचा लघुउद्योग खोलवर का रुजला नाही, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो. प्रस्तुत शोधनिबंधात या प्रश्नाचा ऐतिहासिक अंगाने विचार करण्यात आला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

1. मराठवाड्यातील स्वच्छतेच्या पारंपरिक साधनांकडून कारखानी साबणाकडे झालेल्या स्थित्यंतराचा आढावा घेणे.
2. साबणाच्या लघुउद्योगासंबंधीच्या शासकीय धोरणाची वाटचाल तपासणे.
3. महिला बचत गटांच्या माध्यमातून चालणाऱ्या साबण व्यवसायासमोरील अडचणींची कारणमीमांसा करणे.

गृहीतक :

हस्तनिर्मित साबण व्यवसायाचे यशापयश हे कच्च्या मालाच्या उपलब्धतेपेक्षा धोरणात्मक संरक्षण व खेळत्या भांडवलावर अधिक अवलंबून राहिले आहे.

संशोधन पद्धती :

या निबंधासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून कायदे, शासकीय योजना व उद्योगविषयक प्रकाशित माहिती या दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे.

1. पारंपरिक साधने व कारखानी साबणाचे आगमन :

'साबण' हा शब्द मूळ अरबी असून तो फारसीच्या वाटेने भारतीय भाषांत रूढ झाला. पोर्तुगीज भाषेतही त्याच्याशी साम्य असणारा शब्द आहे. शब्द जुना असला तरी ग्रामीण मराठवाड्यात साबणाच्या वडीचा नित्य वापर ही अलीकडची गोष्ट होय. केसांसाठी शिकेकाई व रिठा, अंगासाठी डाळीचे पीठ व उटणे, भांड्यांसाठी राख आणि कपड्यांसाठी खार व परटाची भट्टी अशी साधनांची वाटणी होती. ही साधने बहुतांशी रान, स्वयंपाकघर व बलुतेदारीतून मिळत; त्यांच्यासाठी रोख पैसा क्वचितच लागे. साबण आला तो रोखीचा व्यवहार घेऊनच.

1888 मध्ये लिव्हर ब्रदर्सचा 'सनलाइट' साबण कलकत्त्याच्या बंदरात उतरला व 1895 मध्ये 'लाइफबॉय' आला. अंतर्भागात माल पोहोचविण्याचे काम रेल्वेने केले. हैदराबाद संस्थानातील गोदावरी खोरे रेल्वेमार्गामुळे विसाव्या शतकाच्या प्रारंभी नांदेड मनमाडशी जोडले गेले. 1911 मध्ये बार्शी लाइट रेल्वे लातूरपर्यंत आली. लातूरची बाजारपेठ वाढण्यास या अरुंद मार्गाने मोठा हातभार लावला. मात्र ज्या गाडीने तेलबिया बाहेर गेल्या त्याच गाडीने तयार माल आत आला. कच्चा माल विकणारा व पक्का माल विकत घेणारा प्रदेश हे मराठवाड्याचे स्वरूप येथूनच ठळक होत गेले.

2. स्वदेशी व ग्रामोद्योगाचा विचार :

साबणाला स्वदेशीचा आशय विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात प्राप्त झाला. म्हैसूर संस्थानाने चंदनतेलाच्या आधारे शासकीय साबण कारखाना उभारला. 1917 मध्ये टाटा ऑईल मिल्सची स्थापना झाली. मुंबईत अर्देशिर गोदरेज यांनी चरबीऐवजी वनस्पती तेलापासून साबण तयार केला. प्राण्यांची चरबी वर्ज्य मानणाऱ्या ग्राहकांच्या दृष्टीने ही बाब केवळ व्यापारी नव्हती. म्हैसूरचे उदाहरण येथे विशेष बोलके आहे. तेथे संस्थानाने स्थानिक कच्चा माल, कारखाना व विक्री यांची सांगड घातली. हैदराबाद संस्थानाच्या मराठवाडी जिल्ह्यांत साबणाच्या बाबतीत असे घडले नाही.

दुसरा प्रवाह ग्रामोद्योगाचा होता. 1934 मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना होऊन वर्धा येथील मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा यांच्या मार्गदर्शनाखाली कार्य सुरू झाले. लिंबोळी, करंज, मोह यांसारख्या अखाद्य तेलांपासून साबण करावा, म्हणजे खाद्यतेलावर ताण न येता गावातच रोजगार निर्माण होईल, हा ग्रामोद्योगी साबणामागील विचार होय. 1956 च्या कायद्यान्वये 1957 मध्ये स्थापन झालेल्या खादी व ग्रामोद्योग आयोगाने 'अखाद्य तेल व साबण' हा स्वतंत्र उद्योग म्हणून स्वीकारला. कडुनिंब मराठवाड्यात बांधाबांधावर आहे. तथापि लिंबोळी पावसाळ्याच्या तोंडावर गोळा करावी लागते, ती लगेच वाळली नाही तर बुरशी येते आणि नेमका तोच पेरणीचा हंगाम असतो. त्यामुळे झाड दारात असूनही तेल बाजारातूनच आणावे लागते.

3. संरक्षणाचा काळ व त्याचा शेवट :

लघुउद्योगांसाठी वस्तू राखीव ठेवण्याचे धोरण 1967 पासून अमलात आले. कपडे धुण्याचा साबण या राखीव यादीत होता. लहान गावांतील साबणभट्ट्यांना मोठ्या कारखान्यांच्या स्पर्धेपासून कायद्याचा आडोसा मिळाला तो यामुळे. परंतु हा आडोसा दोन बाजूंनी उघडा होता. 1969 मध्ये अहमदाबादेत करसनभाई पटेल यांनी 'निरमा' ही स्वस्त धुलाई पावडर सुरू केली. पावडर हा साबण नव्हता. त्यामुळे साबणाचे आरक्षण तिला रोखू शकत नव्हते. दुसरी बाजू पाण्याची होती. बेसॉल्ट खडकातील भूजलात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. अशा जड पाण्यात साबणाला फेस कमी येतो व कपड्यावर मळकट साका बसतो. कृत्रिम धुलाई पावडरीला ही अडचण फारशी जाणवत नाही. 1972 च्या दुष्काळानंतर विंधन विहिरींचा प्रसार होत गेला, तसे गावाचे पाणीच साबणाच्या विरोधात गेले, असे म्हणता येईल.

शेवटी एप्रिल 2015 मध्ये राखीव यादीतील उरलेल्या 20 वस्तू मुक्त करण्यात आल्या. त्यांत कपडे धुण्याचा साबणही होता. मात्र संरक्षण उठले तेव्हा संरक्षण करण्याजोगे फारसे उरले नव्हते.

येथे खादीशी तुलना उद्बोधक ठरते. नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती राष्ट्रध्वजाच्या कापडासाठी देशभर ओळखली जाते व त्या कामात उदगीर केंद्राचा सहभाग राहिला आहे. ध्वजसंहितेने खादीला निश्चित मागणी दिली, म्हणून येथील चरखा टिकला. 30 डिसेंबर 2021 च्या दुरुस्तीने यंत्रनिर्मित व पॉलिएस्टरच्या ध्वजासही परवानगी मिळाली आणि ती मागणी डळमळीत झाली. नियमाने दिलेला बाजार नियमानेच जाऊ शकतो, हे दोन्ही उदाहरणांतून स्पष्ट होते. साबणाला तर खादीइतकी हक्काची मागणीही कधी लाभली नाही.

4. बचत गट व साबणाची वडी :

30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत पुनर्वसनाच्या निमित्ताने महिलांचे संघटन मोठ्या प्रमाणावर झाले. प्रेमा गोपालन यांच्या नेतृत्वाखालील स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेचे कार्य या संदर्भात उल्लेखनीय आहे. 1992 मध्ये नाबार्डने सुरू केलेली बँक जोडणी, 1 एप्रिल 1999 पासूनची स्वर्णजयंती ग्राम स्वरोजगार योजना, महिला आर्थिक विकास महामंडळाचे कार्य व 2011 नंतरचे 'उमेद' अभियान यांमुळे बचत गट हा ग्रामीण उद्योगाचा मुख्य आधार बनला. पापड, लोणचे, मसाला, मेणबत्ती यांच्या जोडीने साबण हा प्रशिक्षणाचा नेहमीचा विषय झाला.

थंड पद्धतीने साबण करण्याची कृती वरकरणी सोपी आहे. तेलांच्या मिश्रणात कॉस्टिक सोड्याचे द्रावण मिसळून ते घोटतात व साच्यात ओततात. परंतु प्रत्येक तेलाला लागणारा सोडा वेगळा असतो. 1 किलो खोबरेल तेलास सुमारे 183 ग्रॅम, तर सोयाबीन किंवा करडईच्या तेलास सुमारे 135 ग्रॅम सोडा लागतो. खोबरेल महाग म्हणून त्याऐवजी सोयाबीन तेल वापरले आणि सोड्याचे माप जुनेच ठेवले, तर वडी त्वचेस अपायकारक होते. शिवाय केवळ सोयाबीन किंवा करडईच्या तेलाची वडी मऊ पडते व लवकर झिजते. कडकपणा व फेसासाठी खोबरेल किंवा पामतेल लागतेच आणि ती दोन्ही तेले बाहेरून येतात. सोयाबीनच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध असलेल्या लातूरला स्थानिक तेलाचा साबण सहजासहजी का साधत नाही, याचे उत्तर अंशतः या रसायनशास्त्रात आहे.

याहून मोठी अडचण वेळेची आहे. साच्यातून काढलेली वडी 4 ते 6 आठवडे वाळवावी लागते. उदाहरणादाखल, एखादा गट दररोज 100 वड्या ओततो असे मानले, तर पहिली वडी विक्रीस जाईपर्यंत 28 दिवसांत 2,800 वड्या फळीवर जमा होतात. एका वडीचा कच्चा माल 15 रुपयांचा धरला तरी 42,000 रुपये अडकून पडतात. स्त्रियांची मजुरी यात धरलेलीच नाही. कर्जाचा हप्ता मात्र वडी वाळण्याची वाट पाहत नाही. म्हणूनच तयार साबणाचा गठ्ठा विकत आणून, वितळवून, रंग व सुगंध घालून साच्यात ओतण्याकडे कल वाढतो. त्यात वेळ वाचतो. पण साबणीकरण दुसऱ्याच्या कारखान्यात होते व गटाच्या हाती केवळ साचा उरतो.

5. कायदा व बाजार :

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा 1940 मध्ये सौंदर्यप्रसाधनाच्या व्याख्येतून साबण आरंभी वगळण्यात आला होता. 1982 च्या दुरुस्तीने ही सूट रद्द झाली. तेव्हापासून अंगाचा साबण विक्रीसाठी करणाऱ्यास परवाना आवश्यक ठरला. सध्या 2020 चे सौंदर्यप्रसाधने नियम लागू असून राज्यात अन्न व औषध प्रशासन परवाना देते. ग्राहकाच्या सुरक्षिततेसाठी हे योग्यच आहे. तथापि जागा, तांत्रिक कर्मचारी व तपासणी यांचा खर्च मोठ्या कारखान्याला नगण्य, तर दहा स्त्रियांच्या गटाला डोईजड असतो. प्रशिक्षण देणारी यंत्रणा आणि परवाना देणारी यंत्रणा वेगवेगळ्या असल्याने हा पेच अधिकच वाढतो. कराच्या बाबतीत अंघोळीच्या साबणावरील वस्तू व सेवा कर 22 सप्टेंबर 2025 पासून 18 वरून 5 टक्के झाला. पण ही सवलत लहान व मोठ्या उत्पादकांना सारखीच असल्याने त्यांच्यातील अंतर तिने कमी होत नाही.

बाजाराच्या इतिहासातील एक विसंगती विशेष नोंदविण्यासारखी आहे. बचत गटांना उत्पादक बनविण्याच्या योजना आकार घेत असतानाच, या शतकाच्या आरंभी हिंदुस्थान लिव्हरने आंध्र प्रदेशातील नलगोंडा जिल्ह्यातून 'प्रोजेक्ट शक्ती' सुरू केला व पुढे तो अन्य राज्यांत नेला. त्यात बचत गटांतील स्त्रिया कंपनीच्या मालाच्या ग्रामीण विक्रेत्या झाल्या. जी संघटना गावचा साबण तयार करण्यासाठी उभी राहावी अशी अपेक्षा होती, तीच कंपनीचा साबण घरोघर पोहोचविण्याचे साधन ठरू शकते, हे यातून दिसून आले. विक्रेतीला वाळवणाची प्रतीक्षा नाही, परवान्याची चिंता नाही. तिने विक्री निवडली तर तिला दोष देता येणार नाही.

निष्कर्ष :

1. मराठवाड्यात तेलबिया मुबलक असूनही साबणास योग्य तेलांचे मिश्रण स्थानिक पातळीवर पूर्ण होत नाही. त्यामुळे केवळ कच्च्या मालाची मुबलकता उद्योगास पुरेशी ठरली नाही.
2. आरक्षणाने साबणाच्या वडीला संरक्षण दिले. परंतु धुलाई पावडर व जड पाणी यांमुळे ते निष्प्रभ झाले.
3. हस्तनिर्मित साबणाचा खरा खर्च वाळवणाच्या काळात आहे. यंत्र व साहित्य यांवर भर देणाऱ्या अनुदानात या काळाची दखल पुरेशी घेतली जात नाही.
4. प्रशिक्षण, परवाना व विक्री या तीन बाबींत समन्वय नसल्याने गट उत्पादकाऐवजी साचेकार किंवा विक्रेता बनण्याकडे झुकतात. गृहीतकाची सत्यता यावरून दिसून येते.

समारोप :

साबण व्यवसायास उत्तेजन द्यावयाचे असेल तर प्रशिक्षणाची आणखी शिबिरे भरविण्यापेक्षा तालुका पातळीवर परवानाप्राप्त सामाईक उत्पादन केंद्र, वाळवणाच्या कालावधीस अनुरूप कर्जफेड आणि वसतिगृहे, रुग्णालये यांसारख्या शासकीय संस्थांतून निश्चित खरेदी या तीन गोष्टींची आवश्यकता आहे. म्हैसूरच्या साबणामागे संस्थान उभे होते आणि नांदेडच्या खादीमागे ध्वजसंहिता. मराठवाड्यातील स्त्रियांच्या साबणामागे आजवर केवळ त्यांचे श्रम उभे राहिले असून त्या श्रमांची किंमत वडीच्या दरात अद्याप धरली गेलेली नाही.