फुल फ्रेम कॅमेरा : जुना घ्यावा की नवा?

नांदेड येथे २००८ च्या दिवाळीच्या सुमारास गुरू-ता-गद्दीचा त्रिशताब्दी सोहळा झाला. त्याच वर्षी जुलैमध्ये निकॉनने डी ७०० आणि सप्टेंबरमध्ये कॅननने ५डी मार्क टू हे कॅमेरे जाहीर केले. पूर्ण आकाराचा सेन्सर त्यापूर्वीही होता. कॅननचा १डीएस २००२ साली आला, पण त्याची किंमत मोठ्या शहरांतील जाहिरात छायाचित्रकारांनाच पेलणारी होती. २००५ चा ५डी आणि २००८ चे हे दोन कॅमेरे आल्यानंतर फुल फ्रेम ही चीज लग्नाची छायाचित्रे काढणाऱ्याच्या आवाक्यात येऊ लागली. त्या पिढीतील कॅमेरे आजही एका हातातून दुसऱ्या हातात जात आहेत. नांदेड, लातूर, उदगीर, देगलूर अशा ठिकाणी स्टुडिओ चालविणाऱ्यापुढे त्यामुळे एक खराच पेच उभा राहतो. लाख-दीड लाखाचे कर्ज काढून नवा मिररलेस कॅमेरा घ्यावा, की तेवढ्याच पैशांत वापरलेली जुनी बॉडी आणि दोन उत्तम लेन्स घ्याव्यात?

फुल फ्रेम म्हणजे ३६ बाय २४ मिलिमीटर आकाराचा सेन्सर. जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढाच. स्वस्त डीएसएलआरमधील एपीएस-सी सेन्सरच्या तुलनेत त्याचे क्षेत्रफळ सुमारे सव्वादोन ते अडीच पट भरते. त्यामुळे त्याच प्रकाशमानात त्यावर अधिक प्रकाश गोळा होतो आणि अंधुक मांडवातही चित्रात दाणे कमी उमटतात. हा लाभ २००८ च्या कॅमेऱ्यात होता, आजच्याही आहे. प्रश्न सेन्सरच्या आकाराचा नाही. सेन्सरभोवतीचे यंत्र किती जुने चालेल, हा आहे.

अल्बमचा हिशेब

दुकानात पहिला प्रश्न विचारला जातो तो मेगापिक्सेलचा, आणि निर्णय घेताना सर्वांत कमी उपयोगी पडणारा आकडाही तोच. लग्नाच्या करिझ्मा अल्बमचे उघडलेले पान साधारणपणे १२ बाय ३६ इंचांचे असते. म्हणजे एक बाजू १२ बाय १८ इंचांची. इंचाला ३०० बिंदू या छपाईच्या प्रचलित मापाने त्या एका बाजूसाठी ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात. गुणाकार केला तर साडेएकोणीस मेगापिक्सेलच्या आत. कॅननच्या २०१२ मधील ६डी या कॅमेऱ्याचे चित्र ५४७२ बाय ३६४८ पिक्सेलचे आहे. त्याच कंपनीने २०२० मध्ये आणलेल्या आर ६ चे चित्रही नेमके तेवढेच आहे. आठ वर्षांचे अंतर, आणि छापील पानावर एकाही पिक्सेलची वाढ नाही.

डी ७०० चे १२ मेगापिक्सेल मात्र या मापाला थोडे अपुरे पडतात. त्याचे चित्र १८ इंचांवर ताणले की इंचाला सुमारे २३५ बिंदू उरतात. ते हातभर अंतरावरून कुणाच्या लक्षात येत नाही. पण मोठ्या घोळक्यातून नवरीचा चेहराच तेवढा कापून घ्यावा लागला तर उणीव उघडी पडते.

अधिक पिक्सेलचा खर्च कॅमेऱ्याच्या पावतीवर दिसत नाही, संगणकाजवळ दिसतो. सोनीच्या ए ७ फोर या ३३ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची असंपीडित रॉ फाइल सुमारे ७० एमबीची होते. हळदीपासून पाठवणीपर्यंत तीन हजार चित्रे टिपली तर एका लग्नाचे दोनशे जीबी झाले. संपीडनाचा पर्याय निवडून हे ओझे हलके करता येते, हे खरे. तरीही ज्याच्या स्टुडिओत सात-आठ वर्षांपूर्वीचा संगणक आहे त्याने नव्या बॉडीच्या किमतीत वेगवान कार्डे, हार्ड डिस्क आणि बहुधा नवा संगणकही धरावा. हा हिशेब न करता कॅमेरा घेणाऱ्यांचे अल्बम लग्नानंतर तीन-तीन महिने रखडतात, आणि मग वधुपित्याचे फोन सुरू होतात.

नव्याने खरोखर काय दिले?

नवा कॅमेरा पुढे जातो तो फोकसमध्ये. ५डी मार्क टू मध्ये फोकसचे नऊच दृश्य बिंदू होते आणि त्यांपैकी मधला एकच भरवशाचा. २०१२ च्या ५डी मार्क थ्री मध्ये ते ६१ झाले. पण आरशाच्या कॅमेऱ्यात बिंदूंची संख्या कितीही वाढली तरी ते चौकटीच्या मधल्या भागातच दाटलेले राहतात. मिररलेस कॅमेऱ्यात फोकस सेन्सरवरच होत असल्याने ते जवळपास पूर्ण चौकटीत पसरतात. २०१८ च्या सोनी ए ७ थ्री मध्ये असे ६९३ बिंदू आहेत. चौकटीतला डोळा हुडकून त्यावर फोकस धरून ठेवण्याची सोय त्यातूनच आली. कॅमेऱ्याच्या मागे उभ्या माणसाला आता फक्त क्षणाकडे पाहायचे असते.

या फरकाची किंमत कामावर ठरते. नांदेडच्या दसऱ्याच्या हल्लाबोल मिरवणुकीत धावत सुटणारे निहंग आणि उधळलेले घोडे टिपायचे असतील, तर ५डी मार्क टू घेऊन जाणाऱ्याच्या पदरी दहात सात चित्रे धूसर येण्याची तयारी हवी. डी ७०० तेथे बराच बरा. त्याचे ५१ बिंदूंचे फोकस वेगवान आहे. याउलट देगलूर तालुक्यातील होट्टलच्या चालुक्यकालीन मंदिरावरील शिल्पे, औसा तालुक्यातील खरोसा लेणी किंवा कंधारचा किल्ला यांचे चित्रण करणाऱ्या अभ्यासकाला धावणारा डोळा शोधायचाच नाही. तिपाईवर कॅमेरा, आयएसओ १०० आणि सकाळचा तिरपा प्रकाश एवढे असले की २००८ ची बॉडी आजच्या बॉडीच्या खांद्याला खांदा लावते.

एक उणीव मात्र ध्यानात ठेवावी. ५डी मार्क टू च्या चित्रातील काळोखा भाग संगणकावर उजळला की त्यात पट्टे उमटतात. मार्क थ्री आणि ६डी मध्येही सावल्या फार ताणता येत नाहीत. कॅननचे सेन्सर या बाबतीत २०१६ च्या ५डी मार्क फोरपासून सुधारले. निकॉनचे डी ८०० (२०१२) आणि डी ७५० (२०१४) याबाबत त्याच काळात सरस होते. वरातीत रोषणाईच्या झगमगाटात पांढरा फेटा आणि मागे काळी रात्र असते, तेव्हा हा गुण फोकसइतकाच कामाला येतो.

चलच्चित्राबद्दल वाद नाही. पूर्ण एचडी चित्रीकरण करणारा ५डी मार्क टू हा पहिला फुल फ्रेम डीएसएलआर असला, तरी त्यात चित्रीकरण चालू असताना फोकस आपोआप विषयामागे जात नाही. आज लग्नाचे काम घेताना छायाचित्रांबरोबर चित्रफीतही मागितली जाते. ज्याचा निम्मा धंदा चित्रफितीचा आहे, त्याने जुन्या डीएसएलआरचा विचार सोडून द्यावा.

मे महिना आणि मंगल कार्यालय

कॅमेऱ्याच्या परीक्षणात सहसा न येणाऱ्या काही गोष्टी मराठवाड्यात निर्णायक ठरतात. पहिली उन्हाची. बहुतेक कंपन्यांच्या माहितीपुस्तिकेत कॅमेरा शून्य ते चाळीस अंश सेल्सियस तापमानात वापरावा असे छापलेले असते. नांदेड आणि लातूरमध्ये लग्नसराईच्या ऐन भरात, एप्रिल-मे महिन्यांत, पारा चाळिशी सहज ओलांडतो. जुन्या डीएसएलआरचा सेन्सर बटण दाबेपर्यंत निवांत असतो. मिररलेसचा सेन्सर आणि पडदा सतत चालू असतात, आणि फोर-के चित्रीकरण करताना तो तापून बंद पडण्याची शक्यता वाढते. बॅटरीचेही तसेच. प्रमाणित चाचणीनुसार डी ७५० एका बॅटरीत १२३० चित्रे देतो. सोनीचा २०१३ मधील पहिला ए ७ जेमतेम ३४०. ए ७ थ्री ने हा आकडा सातशेच्या पुढे नेला. म्हणूनच पहिल्या पिढीचे मिररलेस स्वस्तात मिळाले तरी लग्नाच्या कामासाठी घेऊ नयेत. ते ना जुन्यासारखे दणकट, ना नव्यासारखे चपळ.

दुसरी गोष्ट एलईडीची. मंगल कार्यालयातील भिंतभर पडदे आणि स्वस्त एलईडी दिवे डोळ्यांना स्थिर वाटले तरी अतिशय वेगाने लुकलुकत असतात. मिररलेसचे नि:शब्द इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर ओळीओळीने वाचते, त्यामुळे अशा उजेडात चित्रावर आडवे पट्टे उमटतात. मंगलाष्टके चालू असताना खटखट नको म्हणून नि:शब्द शटर लावावे आणि अक्षता पडतानाचे प्रत्येक चित्र पट्टेरी निघावे, हा अनुभव नवा कॅमेरा घेणाऱ्या अनेकांना पहिल्याच लग्नात येतो. उपाय साधा आहे : अशा ठिकाणी यांत्रिक शटरच वापरावे. सेन्सर एकाच क्षणी पूर्ण वाचणारा सोनीचा ए ९ थ्री नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर झाला, परंतु त्याची किंमत तालुक्याच्या धंद्याला झेपणारी नाही.

तिसरी गोष्ट धुळीची. लोहा तालुक्यातील माळेगावच्या यात्रेत भंडाऱ्याची उधळण होते, जनावरांच्या बाजारात माती उडते. मिररलेसमध्ये लेन्स काढली की बहुतेक मॉडेलमध्ये सेन्सर उघडा पडतो. डीएसएलआरमध्ये त्याच्यापुढे आरसा व शटरचा पडदा असतो. यात्रेत लेन्स न बदलता दोन बॉडी बाळगणे हा जुन्या छायाचित्रकारांचा शिरस्ता येथे उपयोगी पडतो, आणि जुनी बॉडी विकून न टाकण्याचे हेही एक कारण.

दुरुस्ती आणि लेन्स

वापरलेला कॅमेरा घेताना सर्वांत मोठी जोखीम चित्राच्या दर्जाची नसून सुट्या भागांची आहे. शटर हा झिजणारा भाग आहे. ५डी चे शटर एक लाख, ५डी मार्क टू, मार्क थ्री, डी ७०० आणि डी ७५० यांचे दीड लाख, तर डी ८०० चे दोन लाख वेळा उघडझाप करील असे गृहीत धरून बनवलेले आहे. लग्नाचे काम करणारा एका हंगामात त्यातील तीस-चाळीस हजार सहज खर्ची घालतो. निकॉनच्या चित्राच्या फाइलमध्ये हा आकडा नोंदलेला असतो, साध्या संगणकप्रणालीने वाचता येतो. कॅननच्या फाइलमध्ये तो मिळत नाही, त्यासाठी कॅमेरा संगणकाला जोडून वेगळी प्रणाली वापरावी लागते. विकणारा ‘फक्त घरगुती वापर’ म्हणत असेल आणि आकडा दाखवायला तयार नसेल, तर व्यवहार तेथेच थांबवावा.

उत्पादन बंद झाल्यानंतर काही वर्षांनी कंपन्या त्या मॉडेलचे भाग ठेवणे थांबवतात. मग शटर गेले की दुसऱ्या मृत कॅमेऱ्यातून काढलेल्या भागावर भिस्त ठेवावी लागते. नांदेडकरांना हैदराबाद जवळ, लातूरकर पुण्याचीही वाट धरतात. ऐन हंगामात अशा फेरीत गेलेला आठवडा म्हणजे हातची दोन-तीन कामे. कॅननचा १डी एक्स मार्क थ्री, निकॉनचे डी ६ आणि डी ७८० हे २०२० मधले. त्यानंतर या दोन्ही कंपन्यांनी नवा फुल फ्रेम डीएसएलआर आणलेला नाही. आजचा डीएसएलआर उद्या अधिक जुना होणार, त्याचा वारस येणार नाही.

लेन्सच्या बाबतीत मात्र जुन्याने नव्याला हात दिला आहे. कॅननच्या १९८७ पासूनच्या ईएफ लेन्स अडॅप्टर लावून आर मालिकेवर फोकससह पूर्ण चालतात. निकॉनचा अडॅप्टरही चांगला आहे, पण बॉडीतील मोटरवर फिरणाऱ्या जुन्या एएफ-डी लेन्स त्यावर आपोआप फोकस करीत नाहीत. घरात अशा लेन्सचा साठा असेल तर डी ७५० सारखी बॉडी हीच शहाणी निवड. बॅटरीचेही असेच काही धागे जुळतात : ५डी मार्क टू ची बॅटरी आर ६ मध्ये चालते.

या सर्वांचा विचार करता २०१० पूर्वीच्या बॉडी हौशी छायाचित्रकार आणि वास्तुचित्रण करणाऱ्यांपुरत्या ठीक आहेत. पोटापाण्यासाठी जुना घ्यायचा तर २०१२ ते २०१६ या काळातला, आणि तोही दोन कार्डे बसणारा. ६डी स्वस्त व अंधारात गुणी आहे, पण त्यात एकच कार्ड बसते. लग्न पुन्हा लागत नाही. कार्ड बिघडले आणि सप्तपदीची चित्रे गेली, तर मानधन परत करून प्रश्न मिटत नाही, गावात नाव जाते. डी ७५० मध्ये दोन एसडी कार्डे बसतात, ५डी मार्क थ्री मध्ये एक सीएफ आणि एक एसडी. चित्रफितीचे काम असेल तर वापरलेला ए ७ थ्री किंवा नवा मिररलेस, आणि तो देशांतर्गत वॉरंटी व जीएसटीच्या पक्क्या बिलासह. ग्रे मार्केटमधील काही हजारांची बचत पहिल्याच दुरुस्तीत वसूल होते. जीएसटीची नोंदणी असलेल्या व्यावसायिकाला कॅमेऱ्यावरील १८ टक्के कराची वजावटही पक्क्या बिलावरच मिळते.

खरेदीची वेळही पाहावी. चातुर्मासात लग्ने नसतात, तेव्हा बॉडी हातात घेऊन तपासायला सवड असते. एफ १६ वर पांढऱ्या भिंतीचे चित्र काढून सेन्सरवरील डाग पाहावेत, सीएफ कार्डाच्या खाचेतील पिना वाकलेल्या नाहीत ना हे टॉर्चने बघावे, लेन्समधील बुरशी उजेडासमोर धरून तपासावी, आणि लातूरच्या गंजगोलाईत दिवेलागणीनंतर तासभर हिंडून दोन-तीनशे चित्रे घ्यावीत. तुळशीचे लग्न लागले की मग वेळ मिळत नाही.